खुर्ची पुढे ओढणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

परवापर्यंत मोबाइलच्या स्क्रीनकडे बघितलं तरी मळमळायचं. आता चार ओळी सलग वाचता-लिहिता येतात, म्हणून पहिलं पत्र तुम्हालाच.

तापातून उठल्यावर जी चक्कर सुरू झाली, तिचं तुमच्याकडे पोचेपर्यंत बरंच बारसं झालं होतं. एकाने मणके झिजलेत म्हणून गळ्यात पट्टा अडकवला. दुसऱ्याने पित्त ठरवलं. तिसऱ्याने एमआरआय नॉर्मल असल्याचं माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, आणि वर, ‘यांना जरा बिझी ठेवा.’ भिंत धरून संडासला जाणाऱ्या बाईला बिझी ठेवा!

तुम्ही मात्र काही विचारायच्या आधी खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आणलीत, माझ्या अगदी समोर. “तुम्ही मान वळवू नका, मीच समोर येते,” म्हणालात. नवरा बाजूने बोलायला लागला, तर त्यालाही उठवून समोर उभं केलंत. मला तिथेच रडू फुटलं. मान वळवली की सगळी खोली हेलकावते, हे मी घरच्यांनाही धड समजावू शकले नव्हते आणि तुम्हाला ते न सांगता माहीत होतं.

मग डोकं दोन्ही हातांत धरून तुम्ही मला तुमच्या नाकाकडे बघायला लावलंत आणि झटकन वळवलंत. उजवीकडे वळवलं की माझी नजर नाकावरून निसटायची. उजव्या कानातून निघणारी, तोल सांभाळणारी नस विषाणूच्या संसर्गानंतर सुजली होती, ऐकण्याची शाबूत होती. चक्करच्या गोळ्या सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांपुरत्याच, पुढे त्या मेंदूला नव्याने तोल सावरायला शिकू देत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. मी त्या किती काळ गिळत होते! थांबवा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

हुशार डॉक्टर बरेच भेटले हो. पण समोरच्याला काय जड जातंय ते ओळखून स्वतः उठणारं माणूस विरळाच, दवाखान्यात काय नि बाहेर काय.

अंगठ्यावर नजर रोखून डोकं हलवायचा व्यायाम नेमाने चालू आहे. करताना गरगरतं, पण तुम्ही आधीच बजावल्यामुळे घाबरत नाही. अंधारात अजून तोल जातो. जिना मात्र कठडा न धरता उतरते. पुढच्या तपासणीला एकटीच येईन, नवऱ्याला सुट्टी.

आपली,
एक पेशंट