आक्का, नाटक बंद करू नकोस

एडिनबरा

प्रिय आक्का,
सा. न. वि. वि.

आज्जीचा गुडघा आता बरा आहे असं बाबा फोनवर म्हणाले, हायसं वाटलं. तुझा मेसेज मात्र दोन दिवस डोक्यात घोळतोय. पोरं पुण्याला नि गोव्याला कामाला गेली, तालमीला चौघंच येतात, बाहेरून स्त्रीपार्टी आणायची तर पट्टी वाढवावी लागते, म्हणून यंदा यात्रेचं नाटकच नको असं कमिटीत चाललंय म्हणतेस. तीन अंकी नको तर नको. पण नाटक बंद पडू देऊ नकोस. गावात एकदा खंड पडला की परत मांडव घालायला कोणी उठत नाही, शेजारच्या गावात आपण बघितलंय.

एकट्यादुकट्यानं करता येतील अशा छोट्या नाटकांची नावं तू विचारलीस. इथं ऑगस्टभर त्यांचाच बाजार भरतो. 1947 साली मोठ्या महोत्सवाचं आमंत्रण नसताना आठ मंडळ्या इथं आल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग लावले, त्यातून हा फ्रिंज महोत्सव उभा राहिला. अजूनही चर्चचा हॉल, पबची माडी, कॉलेजचा वर्ग, कुठंही नाटक होतं. प्रयोग बहुतेक तासाभराचा. पाठोपाठ दुसरी मंडळी दारात उभी असते, त्यामुळं सामान पिशवीत मावेल एवढंच.

सगळ्यात आधी 'एव्हरी ब्रिलियंट थिंग' वाच. डंकन मॅकमिलन यांनी जॉनी डोनाहो या नटाच्या साथीनं केलेलं, 2013 पासून रंगमंचावर असलेलं. सात वर्षांच्या पोराची आई जीव द्यायला जाते आणि वाचते. जगण्याजोग्या गोष्टींची यादी पोरगं तिच्यासाठी करायला घेतं. पहिलं नाव आइस्क्रीम. पोरगं वाढतं तशी यादीही वाढते. नट एकच, पण प्रयोगाआधी तो लोकांत फिरून आकडे घातलेल्या चिठ्ठ्या वाटतो, आणि आकडा पुकारला की ज्याच्या हातात ती चिठ्ठी असेल त्यानं मोठ्यानं वाचायचं. मी बघायला गेले तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या हातातली चिठ्ठी घामानं ओली झाली होती. आकडा आला तसे ते चक्क उभे राहून वाचायला लागले. पुढं नटानं पहिल्या रांगेतल्या एका माणसाला त्या पोराचा बाप केलं, आणि त्या बिचाऱ्यानं असा जीव ओतून तो बाप केला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या देवळापुढच्या पटांगणात हे फार चांगलं होईल, कारण सगळी एकमेकांना नावानं ओळखतात. लेखकाची हरकत नसेल तर यादीत आपल्याकडचं येऊ दे: पावसाळ्यात रानात उगवलेली अळंबी, बेळगावहून आणलेला कुंदा, जांबोटीच्या बसमध्ये मिळालेली खिडकी. पण विषय जपून हाताळायचा आहे. आपल्या गावात ज्या घरावर असा प्रसंग येऊन गेलाय त्या घरी तू स्वतः आधी जाऊन ये. त्यांना नको असेल तर हे करू नकोस.

दुसरं 'सी वॉल', सायमन स्टीफन्स यांचं, अर्ध्या तासाचं. लंडनच्या बुश थिएटरचं छप्पर गळून दिव्यांची यंत्रणा निकामी झाली, तेव्हा 2008 मध्ये दिव्यांवाचून करता येतील अशी नाटकं त्यांनी लिहून घेतली, त्यातलं हे. एक बाप उभा राहून आपल्यावर काय कोसळलं ते सांगतो, बस्स. खानापुरात पावसाळ्यात वीज गेली की आपण तालीम सोडून घरी पळत होतो, म्हणून तुला मुद्दाम सांगते. गुरुजींना दे. त्यांचा आवाज अजून आहे, आणि त्यांना घाई नाही.

बायकांसाठी प्राजक्त देशमुख यांचं 'देवबाभळी'. त्याचं पुढं दोन अंकी संगीत नाटक झालं, पण ते मुळात स्पर्धेतली एकांकिका होतं. तुकोबांची आवली नि लखूबाई होऊन तिच्या घरी आलेली रखुमाई, दोघीच. आवलीच्या पायात रुतलेला काटा विठ्ठलानं काढला तिथून सुरुवात. आपल्या भजनातल्या दोघीजणी सहज करतील, त्यांना गळा बाहेरून आणावा लागणार नाही.

इथं ज्याला त्याला विचार, तो 'प्रायमा फेसी' या वकील बाईच्या एकपात्री नाटकाचं नाव घेईल. मोठं काम आहे, पण दीड तास एकटीनं आणि सगळा इंग्लंडमधला कायदा. ते सध्या राहू दे. भाचीला मात्र गिरीश कार्नाड यांचं 'ओडकलु बिंब' मूळ कन्नडमधून वाचायला सांग. त्यात टीव्हीवरची स्वतःचीच छबी लेखिकेला प्रश्न विचारते. कॉलेजात गेली की तिला करता येईल.

आता माझ्या मनातलं. आपलं स्वतःचं एक स्वगत लिही, आज्जीचं. ती नांदायला आली तेव्हा चंदगड नि खानापूर एकाच बेळगाव जिल्ह्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड मुंबई राज्यातच राहिलं, त्याचंच 1960 ला महाराष्ट्र झालं, आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. तिनं घर बदललं नाही, माहेर मात्र दुसऱ्या राज्यात गेलं. म्हातारी बेळगावच्या स्टँडवर बसलीय, मांडीवर माहेरच्या भाचरांसाठी खाऊची पिशवी. सीमेवर वातावरण तापलंय म्हणून पलीकडच्या बसा बंद, आणि हे तिला कोणी सांगितलेलं नाही. शेजारी एक कन्नड बोलणारी बाई बसलीय, आज्जी तिला सगळं सांगते, अर्धं मराठीत, अर्धं बाजारात शिकलेल्या कन्नडमध्ये. लिहिताना एवढंच बघ की ती त्या बाईशीच बोलली पाहिजे. लोकांकडं तोंड करून इतिहास सांगायला लागली की भाषण होतं. मोर्चे, सत्याग्रह तिच्या तोंडी आले तर भाऊ त्या दिवशी घरी किती वाजता आला, जेवला का, असे येऊ देत. आधी तिला पोहे निवडायला बसव आणि फोन चालू करून बाजूला ठेव. हात कामात असले की ती मोकळी बोलते.

परवानगीचं विसरू नकोस. तिकीट नसलं तरी भाषांतराला लेखकाकडून किंवा त्याच्या एजंटाकडून लेखी घ्यावी लागते, प्रयोगालाही घेतलेली बरी. इंग्रजी दोन्हींसाठी मी इथून लिहिते, 'देवबाभळी'साठी तू विचार. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीपूर्वी काय ते ठरवा. आज्जीचं स्वगत आणि 'सी वॉल' मिळून तासाभराचं होईल, एकाच रात्री लावता येईल. पुस्तकं मी पुढच्या आठवड्यात पोस्टात टाकते. भाषांतराला बसशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, दोघी मिळून करू.

बाबांना, दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी