ते ॲप मी काढून टाकलं

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

पोळ्याला आलास तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलेलं ते गाण्यांचं ॲप मी परवा काढून टाकलं. बाबांना जाहिराती न येता भजनं ऐकता यावीत म्हणून तू ते प्रेमानं दिलंस, हे मला ठाऊक आहे. पण ते कुणीतरी फोडून फुकट फिरवलेलं आहे, असं शेजारच्या मोबाईल दुकानातल्या पोरानं सांगितलं आणि मला रात्री झोप लागेना. त्याचं कारण तुला कधी नीट सांगितलं नव्हतं.

तू तिसरीत होतास तेव्हा आपलं दुकान बसस्टँडसमोर होतं. दारावर पाटी होती, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. दोन जीबीचं कार्ड भरायचे वीस रुपये. त्यात चारशे गाणी सहज मावत, म्हणजे गाण्यामागे पाच पैसे, आणि तेही सगळे माझ्याच गल्ल्यात. धान विकून आलेली पोरं बाजाराच्या दिवशी रांग लावायची.

एक दिवस जीप आली. कंपनीची दोन माणसं आणि पोलीस. कॉम्प्युटर, कार्ड रीडर, गिऱ्हाइकांची ठेवलेली कार्डं, सगळं पंचनामा करून नेलं. पुढं सहा वर्षं तारखा. वकिलासाठी तलावाखालची धानाची बांधी गहाण पडली. शेवटी पुराव्याअभावी सुटलो. कॉम्प्युटर परत मिळाला, पण हार्ड डिस्क मेलेली होती. तुझ्या बारशाचे फोटो त्यातच होते.

वकिलानं तेव्हा कलम वाचून दाखवलं होतं, ते अजून पाठ आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63. कमीत कमी सहा महिने कैद आणि पन्नास हजार दंड, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दोन लाख. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायाधीश कारण लिहून शिक्षा कमी करू शकतात. माझा तर धंदाच होता. हजारो सीडी छापून गावोगाव पोचवणारा आणि वीस रुपयांत कार्ड भरणारा मी, दोघं एकाच कलमात. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही. मला हे बरोबर वाटत नाही. चोरी ती चोरीच, पण पाटाचं पाणी वळवणाऱ्याला आणि धरण फोडणाऱ्याला एकच माप कसं लावता येईल? अमेरिकेत तर एका बाईला इंटरनेटवर वाटलेल्या 24 गाण्यांसाठी 2009 साली ज्युरीनं 19 लाख 20 हजार डॉलर भरपाई लावली होती. कोर्टकचेरी होत होत ती 2 लाख 22 हजारांवर आली, तरी गाण्यामागे सव्वानऊ हजार डॉलर! अशा शिक्षेनं माणूस भितो, पण गाणाऱ्याचं त्यात काय नुकसान झालं ते त्याला कळत नाही. मलाही कोर्टात कळलं नाही.

कळलं ते दुकानातच, धाड पडायच्या आदल्या वर्षी. खडी गंमत, म्हणजे आपल्याकडचं लोकनाट्य, करणारे म्हातारे शाहीर आले होते. डोक्याला फेटा, हातात नातवाचा मोबाईल. “भाऊ, तुमच्याकडे माजे गाने आहेत म्हनते पोरगा.” मी लावून दाखवले. डोळे मिटून एक पूर्ण ऐकलं, बोटं टेबलावर डफाचा ठेका धरत होती. मग बंडीच्या खिशातून विसाची नोट काढून पुढं केली. “माज्याच गान्याचे तुमाले किती देऊ?” त्यांना ते सरळच विचारायचं होतं, टोमणा नव्हता. कॅसेट कंपनीनं त्यांना एकदाच काही रक्कम आणि कॅसेटचा एक खोका दिला होता, पुढं काही नाही. मी नोट घेतली नाही, पण दादू, त्या दिवसापर्यंत किती कार्डांत ती गाणी गेली होती त्याचा मी कधी हिशेबच केला नव्हता.

कंपनीनं त्यांना बुडवलं म्हणून मी बुडवलं ते माफ होत नाही. 2012 मध्ये कायदा बदलला. सिनेमातल्या गाण्यांचे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा, म्हणजे गाणं वापरल्याच्या पैशातला, वाटा आता कंपनीला स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. पण मंडईत, आपल्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, उभं राहून गाणाऱ्याच्या हाती त्यातलं काय पडतं?

आता माझ्यापुरतं. यूट्यूब, जिओसावन, स्पॉटिफाय, सगळ्यांवर जाहिराती सोसल्या तर फुकट ऐकता येतं आणि ते कायदेशीर आहे. जाहिरात मला जड नाही, तेवढ्यात चहा होतो. तुला नकोच असेल तर महिन्याचे पैसे भर, मी अर्धे पाठवतो. गाणं कायमचं हवं असेल तर आयट्यून्सवर एकेक विकत मिळतं. आणि बँडकॅम्प, जी साइट तूच मला दाखवली होतीस, ती गाण्याच्या विक्रीतले 15 टक्के ठेवते. पैसे पोचवण्याचा खर्च सोडला तर बाकी गाणाऱ्याला. मला सगळ्यात पटलं ते हे.

म्हणून एक काम सांगतो. शाहीर गेले, पण त्यांचे शागीर्द अजून मंडईत उभे राहतात. भाऊबीजेनंतर आपल्या गावची मंडई आहे. तुझ्या मित्राचं ते चांगलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ये. मी शागिर्दांशी बोललो आहे, ते तयार आहेत. अट एकच घातली त्यांनी, गाणं त्यांच्या नावानं चढवायचं आणि पैसे त्यांच्याच खात्यात. कागद आधी करू, मी स्टॅम्प पेपर आणून ठेवतो. पहिली खरेदी माझी, तेवढं कसं करायचं ते फोनवर दाखव.

आई विचारते, येताना चार्जर आणशील का.

तुझे बाबा