कुंपणापलीकडच्या काकींना

प्रिय काकी,

हे पत्र तुमच्या हातात द्यायला मला वीस पावलंही चालावं लागणार नाही. मध्ये फक्त कुंपण आहे, आणि त्या कुंपणातही आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आणि तुम्ही ये-जा करून पाडलेली वाट आहे. तरी लिहून सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि विषय केळीच्या घडावर नेता. यंदाच्या नाताळात तुम्ही आमच्या घरासाठी जे केलंत, ते आपल्या आळीबाहेरच्यांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मी मूळची नगरची. आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शेव, रव्याचे लाडू. दिवाळीला शेजारच्या घरांतून फराळ यायचा, तसाच फराळ डिसेंबरात आमच्या घरातून त्यांच्याकडे जायचा. लग्न होऊन वसईत आले, तेव्हा पहिल्यांदा शंखासारखे वळलेले मैद्याचे गोड कुलकुल पाहिले, पिठाचे गोळे तळून केलेले फुगे खाल्ले, पेरूचं चीज हा काय प्रकार असतो ते कळलं. अकरा नाताळ आईंच्या हाताखाली केले. हाताखाली म्हणजे काय, तर नारळ खवून देणं, कुलकुल वळणं, डबे पुसणं. पीठ भिजवायला त्या कुणाला देत नसत. मीही कधी मागून घेतलं नाही. पुढच्या वर्षी शिकू, असं प्रत्येक वर्षी वाटायचं.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आई गेल्या.

दुखवट्याच्या घरात कढई चढत नाही. त्या नाताळात आमच्या ओट्यावर तारा लागला नाही, येशूजन्माचा गोठा झाला नाही, तळणीचा वास नव्हता. पण २४ तारखेला संध्याकाळी आळीतल्या घराघरांतून ताटं यायला लागली. वर्तमानपत्राने झाकलेली बारा ताटं. कुणाचे कुलकुल लांबट, कुणाचे गुबगुबीत, कुणाच्या नेवऱ्यांना, म्हणजे इथल्या करंज्यांना, हाताने घातलेली मुरड, कुणाच्या कातणीने कापलेल्या. माझ्या मुलाने चाखून चाखून कुठलं ताट कुणाच्या घरचं ते ओळखलं. प्रत्येक ताटात चिमूटभर साखर घालून मी ती परत केली, कारण दुसरं घालायला काही नव्हतं. तुमचं ताट द्यायला आले तेव्हा तुम्ही ती साखर तळहातावर घेऊन माझ्यासमोर खाल्लीत. त्याबद्दलही आभार मानायचे राहून गेले होते.

मग वर्ष सरलं. आईंसाठी चर्चमध्ये वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली, दुखवटा संपला. पण घरात सुरुवात कुणी करायची, हेच कळेना. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "यंदा विकतच आणू." ह्यांनी मान डोलावली. मीही गप्प बसले. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी तुम्ही मिस्सेहून थेट आमच्या ओट्यावर आलात, लाल लुगड्याचा पदर खोचलात आणि विचारलंत, "पेरू किती धरलेत?"

आधी त्या पेरूंबद्दल, म्हणजे वाडीबद्दल सांगायला हवं, कारण नाताळ तिथून सुरू झाला. आई गेल्यावर वाडीकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. बाबांना गुडघ्यांमुळे वाकवत नाही, हे पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जातात ते रात्रीच येतात. वर्षभर दर तिसऱ्या दिवशी काकांनी आमच्या केळीच्या आळ्यांना पाणी सोडलं. तुमच्या पाटाचं पाणी आधी आमच्याकडे वळवलं आणि मग तुमच्याकडे. पाऊस संपला तसं तुम्ही मुलांना घेऊन वाफे करायला लावलेत. वाल, मुळा, वांगी, कोथिंबीर. धाकटीने मुळ्याचं बी टाकलं आणि रोज उकरून बघायला लागली, तर तुम्ही तिला रागावला नाहीत. तिला एक वेगळा हातभर वाफा दिलात, "हा उकरायचा" म्हणून.

आणि बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. मे महिन्यात एक जण बाबांकडे आला होता, बावखल बुजवून जागा मोकळी करून देतो म्हणाला. बाबा थकले होते, जवळजवळ हो म्हणत होते. पावसाचं पाणी त्या तळ्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. समुद्र इतक्या जवळ असताना ते नसेल तर विहिरीला खारं पाणी लागायला वेळ लागत नाही. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण तुम्ही कुंपणाशी उभ्या राहून एवढंच म्हणालात, "भावजी, तुमचं बावखल गेलं तर माझी विहीर जाईल." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. यंदाच्या नाताळातला नारळ, केळी, पेरू, वाल, सगळं त्या पाण्याचं आहे.

तर पेरू. दोन झाडांचे मिळून साडेचार किलो निघाले. मुलांनी ते धुतले, तुम्ही स्टुलावर बसलात आणि मला सांगत गेलात. उकडायचे, चाळणीवर घासून बिया वेगळ्या करायच्या, गर मोजायचा, गराइतकीच साखर, लिंबाचा रस, आणि मग ढवळत राहायचं. हात थांबवायचा नाही. गर आटायला लागला की त्याचे शिंतोडे उडतात, म्हणून तुम्ही माझ्या मनगटापर्यंत जुना टॉवेल गुंडाळलात. सव्वा तास झाला, माझा दंड भरून आला आणि मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उठला नाहीत. तुम्ही आत हाक मारलीत, "भावजी, या जरा." बाबा आले, उभे राहिले, आणि माझ्या हातातला कलथा घेतला. आई गेल्यानंतर बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा येत नव्हते. तांब्या बाहेर लागायचा. त्या दिवशी त्यांनी वीस मिनिटं ढवळलं. थंड पाण्याच्या ताटलीत थेंब टाकून त्याची गोळी होते का ते त्यांनीच बघितलं, लोणी त्यांनीच घातलं. मला वाटतं, उठायचं नाही हे तुम्ही ठरवूनच बसला होतात.

१४ तारखेच्या रविवारी कुलकुल केले, आणि ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे ती त्या दिवशी घडली. परातीत किलोभर मैदा, चार अंडी, एका नारळाचं दूध, पाव किलो साखर. मी तूप वितळवायला घेतलं, कारण तुमच्या घरी तसं करताना पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "ते माझं. तुझी सासू तूप घालत नसे. तेल कडकडीत तापवून पिठावर ओतायची आणि चमच्याने कालवायची, म्हणून तिचे कुलकुल पंधरा दिवसांनीही कुरकुरीत." मी म्हटलं, तुम्हीच एकदा मळून दाखवा. तुम्ही हात मागे घेतलेत. "मी हात लावला की ते माझ्या घरचे होतील."

मग नेवऱ्या. तुमच्या सारणात वेलची आणि चारोळी असते. आईंच्या सारणात जायफळ आणि भाजलेली खसखस, वेलची अजिबात नाही, कारण बाबांना वेलचीचा वास सहन होत नाही. चाळीस वर्षं त्या नेवऱ्या खाल्लेल्या माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. खुद्द बाबांनाही माहीत नव्हतं की वेलची त्यांच्यामुळे गेली होती. रवा-नारळाच्या केकमध्ये आई पाच अंडी घालायच्या, तुम्ही चार. त्या खोबरं पाट्यावर एकदाच फिरवायच्या, तुम्ही बारीक करता. आई पूर्वी वर-खाली निखारे ठेवून केक भाजायच्या तेव्हा वरचे निखारे कधी काढायच्या, हेसुद्धा तुम्हाला आठवत होतं.

काकी, तीस वर्षं तुम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या चवीचा नाताळ करत होतात. एकमेकींशी कादोडीत, तुमच्या इथल्या बोलीत, बोलायचात, माझ्यासमोर आलात की माझ्या मराठीत. तेव्हा मला वाटायचं, ह्या नुसत्या गप्पा. त्या गप्पांमध्ये तुम्ही दुसऱ्या बाईचा हात इतका नीट लक्षात ठेवला होतात. तुमची पद्धत मला शिकवणं किती सोपं होतं! तीही उत्तमच आहे. पण तुम्ही स्वतःची चव बाजूला ठेवलीत आणि आमच्या घरची आम्हाला परत दिलीत. कुलकुलाचा पहिला घाणा निघाला, मुलाने एक तोंडात टाकला आणि काहीच बोलला नाही, तो पळत जाऊन वाटीभर घेऊन बाबांच्या खोलीत गेला. त्या क्षणासाठी तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसा शब्द नाही.

त्याच संध्याकाळी भांडी घासताना तुम्ही विचारलंत, "तुझ्या आईकडे काय असतं नाताळला?" मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग चकली का नाही?" इथे कधी केली नव्हती, आईंच्या ताटात माझ्या माहेरचं कुठे ठेवायचं, असं वाटत राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आपण तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे भाजून भाजणी दळून आणली. आणि त्या दिवशी मात्र तुम्ही हात लावलात. सोऱ्या तुमच्या हातात, कढई माझ्याकडे. पहिल्या चार चकल्या तुटल्या, पाचवी नीट पडली, आणि तुम्ही टाळी वाजवलीत. २४ तारखेला आमच्या घरून बारा ताटं गेली. प्रत्येकात कुलकुल, नेवऱ्या, पेरूचं चीज, केकचा तुकडा आणि दोन चकल्या. ताटं पोचवायला मुलांबरोबर हे गेले. अंधार पडायच्या आत बाबांनी ओट्यावर तारा लावून घेतला.

फुग्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मला अजून नीट जमलेले नाहीत. पीठ फेटून फेटून हलकं झालं, नारळाचं दूध बरोबर पडलं, पण मुठीतून पिळून अंगठ्याजवळ गोल गोळा सोडायचा, ते हाताला यायला अजून दोन-तीन नाताळ लागतील. तुम्ही शेजारी बसाल याची खात्री आहे, म्हणून घाई नाही.

मसाल्याचं मात्र लिहायलाच हवं. इंद्याल ह्या मसालेदार मांसाच्या रश्श्यासाठी आणि कोंबडीसाठी बाटली मसाला, म्हणजे कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला मसाला, लागणार होता. आईंनी कुटून घेतलेल्या मसाल्याची शेवटची बाटली, ती तपकिरी बियरची बाटली, फडताळात मागे होती. अर्ध्याहून थोडी कमी भरलेली. सव्वा वर्ष कुणी तिला हात लावला नव्हता. ह्यांनी ती खाली काढली आणि परत ठेवली. "राहू दे, आईची आठवण." तुम्ही बूच काढून वास घेतलात आणि ह्यांच्यापुढे धरलात. "बघ, उडत चाललाय. तुझ्या आईने मसाला नुसता ठेवायला कधी केला नाही." ह्यांनी बाटली घेतली, बराच वेळ धरून उभे राहिले आणि मग स्वतःच पातेल्यात उपडी केली. २५ तारखेला सकाळी आपण सगळे एकत्र जेवलो, तुमच्या घरचे आणि आमच्या घरचे मिळून नऊ जण, अंगणात. वाडीतल्या वालाची भाजी, कोंबडी, इंद्याल, फुगे. कुणी आईंचं नाव काढलं नाही असं झालं नाही. उलट जेवण संपेपर्यंत त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं, आणि बाबा हसत होते.

तुमचा मोठा टोप अजून माझ्याकडे आहे. उद्या पाठवते, रिकामा नाही पाठवत. आईंची ती बाटली धुऊन उन्हात वाळवली आहे, आणि आणखी तीन तपकिरी बाटल्या ह्यांनी शोधून आणल्यात. एप्रिलमध्ये तुम्ही मिरच्या आणायला निघाल तेव्हा मला हाक मारा. आईंच्या मसाल्यात काश्मिरी किती आणि तिखट किती, ते या वेळी मी लिहून घेणार आहे.

तुमची,
कुंपणाअलीकडची सून