रेगे म्हणजे गांजाचं पान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला किनारा पर्यटनावरचा लेख वाचला. तारकर्ली-शिरोड्याकडे संध्याकाळी रेगे, म्हणजे जमैका बेटावरचं ते ठेकेदार संगीत, वाजवावं, ही त्यातली सूचना मला मान्य आहे. खटकलं ते सोबतचं चित्र : रेगेचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या जटा, माड आणि हिरवंगार गांजाचं पान. रेगेचा विषय निघाला की प्रत्येक वेळी हेच तिन्ही हजर!

मी बोटीवर इंजिन रूममध्ये होतो, आता गावच्या भजनात पखवाज धरतो. रेगे बोटीवरच कानावर पडलं, एका जमैकन सहकाऱ्याच्या कॅसेटवरून. मार्ले मोठाच, पण मला धरून ठेवलं ते टूट्स हिबर्ट या दुसऱ्या रेगे गायकानं.

टूट्स जन्मला १९४२ साली, जमैकातल्या मे पेन गावी. आईवडील दोघेही चर्चमध्ये उपदेश करणारे, त्यामुळे गळा तयार झाला तो प्रार्थनेतच. पोरवयात दोघेही गेले. मग तो राजधानी किंग्स्टनला भावाकडे आला आणि ट्रेंचटाऊनच्या वस्तीत न्हाव्याचं काम करू लागला. (आपले चाकरमानी गिरणगावात गेले ते काही वेगळं नव्हतं.) तिथे रॅले गॉर्डन आणि जेरी मॅथियस भेटले आणि ‘मेटल्स’ हे त्रिकूट जमलं. टूट्सनं ओळ टाकायची, दोघांनी उचलायची, पुन्हा त्यानं तीच ओळ फिरवून वरच्या पट्टीत न्यायची. आमच्या झांजवाल्याला मोबाईलवर ऐकवलं तर म्हणाला, “ह्यो खंयचो बुवा रे?” डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, असा बुवा समोर बसला तर भल्याभल्यांची पंचाईत होईल.

ठेका मात्र आपल्याला चकवतो. गिटार मात्रेवर वाजत नाही, दोन मात्रांच्या मधल्या जागेत वाजते. पुढे रुळलेल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात तर पहिल्या मात्रेवर ढोल गप्पच असतो. आयुष्यभर समेवर थाप मारलेल्या माणसाला ते पचायला वेळ लागतो.

१९६६ मध्ये ‘बॅम बॅम’ गाऊन त्यांनी जमैकाच्या स्वातंत्र्य महोत्सवातली पहिलीच गीतस्पर्धा जिंकली. त्याच सुमारास टूट्स तुरुंगात गेला, गांजा बाळगल्याच्या आरोपावरून. आपल्याला अडकवलं गेलं, हे त्याचं कायमचं म्हणणं. सुटल्यावर त्यानं कैद्याच्या नंबरावरच गाणं केलं, ‘५४-४६’. आणि त्याच १९६८ साली त्याचं ‘डू द रेगे’ आलं. या संगीताचं नाव ज्या गाण्यात प्रथम उमटलं ते हेच. ज्या पानाचं चित्र आपण हौसेनं छापता, त्या पानापायी या माणसानं तुरुंग पाहिला, हे आपल्या चित्रकाराला जरूर सांगा.

१९६९ साली पुन्हा तीच स्पर्धा जिंकली ती ‘स्वीट अँड डँडी’नं. हे गावच्या लग्नाचं गाणं. नवरी खोलीत रडतेय, नवरा घाबरलाय, वडीलधारी माणसं दोघांना दटावतायत, आणि केकला किती पडले तेही मध्येच येतं. यात नशा कुठे आहे?

पुढे ग्रॅमी, ‘ऑर्डर ऑफ जमैका’ हा किताब वगैरे झालंच. मला मोठं वाटतं ते वेगळंच. २०१३ मध्ये अमेरिकेत रिचमंडला कार्यक्रम चालू असताना एकोणीस वर्षांच्या पोरानं व्होडकाची बाटली भिरकावली, ती टूट्सच्या डोक्याला लागली. सत्तरीतला माणूस. गर्दीची भीती बसली, विसर पडू लागला, तीनेक वर्षं स्टेज सुटलं. तरी त्यानं न्यायाधीशांना पत्र लिहिलं : पोर लहान आहे, तुरुंगात अशा पोरांचं काय होतं ते मी ऐकून आहे, त्याला आत टाकू नका. न्यायाधीशांनी सहा महिने दिलेच. स्वतः आत राहून आलेल्या माणसाचं ते पत्र होतं.

११ सप्टेंबर २०२० रोजी किंग्स्टनमध्ये टूट्स गेला. तारीख चतुर्थीच्या मागेपुढे येते. त्या दिवसांत भजनांवर पुरवणी निघतेच, तिच्यात या बुवालाही अर्धा स्तंभ द्यावा आणि फोटो गातानाचा छापावा. किनाऱ्यावर रेगे लावणाऱ्यांनी सुरुवात ‘स्वीट अँड डँडी’नं करावी. आणि दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करावा. पहाटे समुद्रावर जाणाऱ्यांना झोप हवी असते.

आपला,
एक पखवाजवाला वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग