भांडी बाजारातली पेढी पाडू नका, तिचं संग्रहालय करा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. पण त्याच्या आसपासच्या भांडी बाजारात, दहीपुलाच्या परिसरात ज्या जुन्या पेढ्या आहेत, त्यांना कोणी वाली नाही. पावसाळा तोंडावर आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, कुठे भिंत खचते, आणि मग तिथे शटरचे गाळे उभे राहतात.

तांब्यापितळेच्या भांड्यांची अशीच एक दुमजली पेढी सध्या कुलूपबंद आहे. संग्रहालय होणार असेल तर वास्तू द्यायची मालकांची तयारी आहे. आत सागवानी खांब, गल्ल्याची पेटी, शेरा-मणाची वजनं जागच्या जागी आहेत. तळमजल्यावर मोडी लिपीतल्या कीर्द-खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लाल बासनांत बांधलेल्या. फळीवर एक घंगाळ आहे. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायला घेतलंय आणि शेवटचं अक्षर अर्ध्यावरच राहिलंय. गिऱ्हाईक परत आलंच नसावं.

साहेब, या वस्तू काचेच्या कपाटात मांडून फीत कापली, एवढ्यावर भागणार नाही. मागच्या पडवीत तांबटांना जागा द्या. हातोडीनं भांडं ठोकायचं मठारकाम कसं चालतं, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाची कल्हई कशी फिरते, हे पोरांना समोर बसून बघू दे. ही कामं येणारी माणसं आता थोडी उरलीत आणि वयानं थकलीत. त्यांना मानधन मिळायला हवं, नुसता सत्कार नको.

खतावण्या मात्र आधी वरच्या मजल्यावर हलवा. १९६९ आणि २००८ च्या महापुरात गोदावरी या बाजारात शिरली होती. पुन्हा शिरली तर हे कागद वाचणार नाहीत.

पैशाचं म्हणाल, तर २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये मोठी कामं निघाली आहेत. तीर्थ भरून न्यायला गडू, पूजेला ताम्हन-पळी घेणाऱ्या यात्रेकरूंवरच हा बाजार जगत आलाय. त्या निधीतला थोडा वाटा या पेढीला मिळावा, हे मागणं अवाजवी नाही.

या पावसाळ्याआधी पुरातत्त्व विभागाचा एक अभियंता आणि मोडी वाचणारा एक जाणकार पाठवा. वास्तूची पाहणी, कागदांची यादी आणि छताची डागडुजी, एवढं पहिल्यांदा व्हावं. किल्ली मालकांकडे आहे, ते दार उघडून देतील.

आपला,
एक नाशिककर