रात्रपाळीला निघण्यापूर्वी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

येत्या सोमवारपासून तू हाफवे होममध्ये, म्हणजे मानसिक आजाराचे उपचार घेऊन घरी परतण्याआधी मुलं जिथे राहतात त्या ठिकाणी, ड्युटीवर जाशील. मानसोपचारतज्ज्ञ ठरल्या दिवशी येतील, समुपदेशक तासभर बोलतील. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र त्या अठरा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींसोबत तुम्हीच असाल. त्यांची तब्येत बिघडते ती बहुधा मधल्या वेळात: पाळी बदलताना, घरचे भेटून गेल्यावर, दिवे मालवल्यावर, रजेवरून परतल्याच्या रात्री. तुझं खरं काम याच वेळांचं आहे, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून कामाचा ताबा, घेताना चहाच्या कपावर 'सगळं ठीक' एवढं ऐकून वही बंद करू नकोस. जाणाऱ्या ताईबरोबर खोल्यांतून फिर आणि प्रत्येकाला डोळ्यांनी बघ. काल झोप किती झाली, जेवण किती गेलं, कोणाचा फोन आला किंवा कोण भेटून गेलं, औषध बदललं का, हे प्रत्येकाबद्दल विचार. मग सुऱ्या, कात्री, दाढीची ब्लेड मोजून घ्यायची. फिनेल, ॲसिड कुलपात आहे का ते बघायचं. औषधाच्या कपाटाची किल्ली खिळ्याला नको, ड्युटीवरच्या माणसाच्या अंगावर हवी. मोजणी जुळली नाही, तर जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही.

डॉक्टरांनी 'पंधरा मिनिटांनी बघा' असं लिहिलं असेल, तर घड्याळाच्या काट्यावर जाऊ नकोस. मुलं तुमची वेळ दोन दिवसांत ओळखतात. कधी सातव्या मिनिटाला जा, कधी बाराव्या. पंधराच्या पुढे मात्र जाऊ द्यायचं नाही. पांघरुणाचा आकार बघून परत फिरायचं नाही, श्वासाची हालचाल दिसायला हवी. बाथरूमच्या दारावर टकटक करून नावाने हाक मार, आणि उत्तर शब्दांत आलं तरच पुढे जा. 'सतत नजरेसमोर' लिहिलेलं असताना बदली माणूस आल्याशिवाय फोन घ्यायलाही उठायचं नसतं. आणि नोंदीच्या तक्त्यावर पहाटेपर्यंतच्या सह्या आधीच करून ठेवायची सवय कुठे दिसली, तर तू त्यात सामील होऊ नकोस. ती खोटी नोंद आहे, आणि तिच्यावर विसंबून पुढचा माणूस निर्धास्त होतो.

आता सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट. एखादी मुलगी गप्प झाली, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकायला लागली, 'आता सगळ्यांची सुटका होईल' असं काही बोलली, तर सरळ विचार: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचं बरंच वाटतं. 'काही वेडंवाकडं नाही ना मनात?' असं मात्र विचारू नकोस. त्या प्रश्नाला उत्तर 'नाही' हवं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि ती तेच देते. 'हो' आलं, तर घाबरू नकोस, उपदेश करू नकोस, 'आईबाबांचा विचार कर' तर मुळीच म्हणू नकोस. अपराधीपणाने ती आधीच वाकलेली असते. काही ठरवलं आहे का, कधी, साधन हाताशी आहे का, हे शांतपणे विचार. तिला एकटी न सोडता वरिष्ठांना बोलाव, डॉक्टरांना फोन लाव. 'ताई, कोणाला सांगू नका' असं ती म्हणेल. आधीच सांगून ठेव: 'जिवाचा प्रश्न असेल तर मी सांगणार, आणि तुझ्यासमोर सांगणार.'

'जिवाचं बरंवाईट करणार नाही' असं लिहून सही घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिच्याने धोका टळल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही, उलट मूल पुढच्या वेळी लपवतं. त्याऐवजी बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी मांडलेला सुरक्षा आराखडा करा. वादळ येतंय हे मला कशावरून कळतं. एकटी असताना काय करू शकते. कोणाजवळ किंवा कुठे गेल्यावर मन वळतं. मदत कोणाकडे मागू. कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या नंबरवर फोन करू. आणि धोक्याच्या वस्तू कोण दूर ठेवणार. ही सहा उत्तरं तिच्याच शब्दांत, तिच्याच अक्षरात, एका कागदावर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यात असू दे. तो चोवीस तास चालतो.

कोणी जीव द्यायला जास्त गोळ्या किंवा विष घेतलं असल्याची शंका जरी आली, तरी मूल ठणठणीत दिसतंय म्हणून थांबू नकोस. काही औषधांचा यकृतावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, आणि तोवर उपायाची वेळ गेलेली असते. उलटी करवायची नाही. रिकाम्या स्ट्रिप, बाटली बरोबर घ्यायची, 108 ला फोन करायचा. घरचे पोलिसांच्या भीतीने टाळाटाळ करतात. त्यांना सांग, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

गोळ्या तू ठरवायच्या नाहीत, पण परिणाम आधी तुलाच दिसतील. हॅलोपेरिडॉलसारखं भास-भ्रमांवरचं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. तरुण मुलांत हे जास्त होतं. बघणारे 'नाटक' म्हणतात, घरचे 'अंगात आलं' म्हणतात. तो औषधाचा परिणाम आहे आणि इंजेक्शनने लवकर सुटतो. लगेच डॉक्टरांना कळव. लिथियम हे मनाचे चढउतार सावरणारं औषध घेणाऱ्याचं पाणी आणि मीठ एकदम कमी होता कामा नये. उन्हाळा, जुलाब, निर्जळी उपवास, तिन्हींत रक्तातलं लिथियमचं प्रमाण चढतं. हात जोरात थरथरणं, झोकांड्या, जड बोलणं, उलट्या दिसल्या तर पुढचा डोस देण्याआधी फोन. पाळीत पोट दुखतंय किंवा दात दुखतोय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हातावर ठेवू नकोस, त्यानेही प्रमाण वाढतं. लिथियमची तपासणी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी होते, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. क्लोझापीन या भास-भ्रमांवरच्याच औषधावर असलेल्याला ताप किंवा घसादुखी आली की त्याच दिवशी रक्ततपासणी. चुकलेला डोस दुप्पट करून भरून काढायचा नाही, कोणाचाच.

कोणी भडकलं तर बोलायचं एकानेच, बाकीच्यांनी इतर मुलांना बाहेर न्यायचं. दोन हातांचं अंतर ठेवून, थोडं तिरकं उभं राहा. दाराची वाट तुलाही मोकळी हवी, त्यालाही. वाक्यं छोटी, आवाज खाली, आणि उत्तराला वेळ द्यायचा. 'शांत हो' या सूचनेने कोणी शांत होत नाही. 'पाणी हवं का, की बाहेर बसू या?' याने होतो. कोंडून ठेवण्याला त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 97 ने मनाई आहे. धरून ठेवणं तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, आणि प्रमुख मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने. पालथं पाडून पाठीवर वजन कधीच नाही, श्वास बंद पडतो. नोंदीत 'आक्रमक झाला' लिहू नकोस, '6.40 ला ताट भिंतीवर फेकलं, त्याआधी घरचा फोन आला होता' असं लिही. उपयोगाचं त्यातलं दुसरं वाक्य असतं.

आणि मूल सुधारायला लागलं की जास्त लक्ष दे. नैराश्याच्या गोळ्यांनी मन हलकं व्हायला आठवडे लागतात, अंगात बळ मात्र कधी कधी आधी येतं. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आणि डोस बदलताना अस्वस्थता वाढू शकते. गणपती-दिवाळीची रजा, परीक्षेचा निकाल, आणि घरी सोडल्यानंतरचा पहिला आठवडा, हे दिवस वहीत आधीच खुणा करून ठेव. घरी गेलेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन जायलाच हवा, संस्थेच्या नंबरवरून. स्वतःचा नंबर देऊ नकोस. तू झोपलेली असताना तो फोन वाजेल आणि उचलला जाणार नाही.

सोमवारी पोचल्यावर आधी तीन गोष्टी विचार: रात्री दोन वाजता डॉक्टरांचा कोणता नंबर उचलला जातो, जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कोणतं, आणि गाडी कोण चालवतं. ही उत्तरं मिळाल्याशिवाय एकटीने रात्रपाळी घेऊ नकोस. आणि वाईट रात्र गेली, तर घरी येण्याआधी वरिष्ठांपाशी बसून बोलून ये. दुपारी झोप, मग मला फोन कर.

तुझी,
आई