परेड संपल्यानंतरच्या शिक्षणाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीक्षान्त संचलनाचे दिवस आले की आपल्या दैनिकात खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि केरळात एझिमला येथील नौदल प्रबोधिनी यांची छायाचित्रे ठळकपणे छापली जातात. मुलाच्या किंवा मुलीच्या खांद्यावर पट्ट्या लावणारे आईवडील पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. मे २०२५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या १७ जणींची बातमी मी दोनदा वाचली. पण बातमी मैदानावरच थांबते. नौदल अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा सर्वांत कठीण भाग त्यानंतर समुद्रावर सुरू होतो. त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही, कोणी विचारतही नाही.

मी नौदलात नव्हतो. व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो. पण रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे निगराणीची पाळी, तेलवाहू जहाजावर असो की विनाशिकेसारख्या युद्धनौकेवर, ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षात, उभ्या असलेल्या तरुण अधिकाऱ्याला सतत एकच गोष्ट पाहायची असते : समोरचे जहाज आपल्या वाटेत येते आहे का? नियम साधा आहे. त्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार. ते उजवीकडून आडवे येत असेल तर वाट आपण द्यायची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतले हे नियम पाठ करायला एक दुपार पुरते. पण समोर मासेमारीच्या होड्यांचे पन्नास दिवे लुकलुकत असताना, पावसाने रडारचा पडदा भरून गेला असताना, पोटात ढवळत असताना आणि डोळे मिटत असताना तोच नियम वापरता येण्यासाठी अनेक रात्री घालवाव्या लागतात. त्याला आडवाट नाही.

आपल्याकडची व्यवस्था मुळात चांगली आहे, हे आधी नोंदवतो. खडकवासल्याचा नौदल कॅडेट तीन वर्षे तिथे आणि चौथे वर्ष एझिमलाला काढतो. थेट एझिमलात आलेला चारही वर्षे तिथेच शिकतो. दोघांनाही बी.टेक. पदवी मिळते. त्यानंतर कोचीच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यावर सुमारे सहा महिने समुद्र. या ताफ्यातले ‘आयएनएस तीर’ हे जहाज माझगाव गोदीत खास प्रशिक्षणासाठी बांधले गेले आणि १९८६ साली नौदलात आले. ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही शिडाची जहाजे गोव्यात बांधलेली. पहिले १९९७ पासून सेवेत आहे, दुसरे २०१२ पासून. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपले कॅडेट इंग्लंडमध्ये डार्टमथच्या नौदल महाविद्यालयात पाठवावे लागत. तिथून इथवर आपण आलो, ही लहान गोष्ट नाही.

मग चिंता कशाची? जमिनीवरच जहाज हाकण्याचा आभासी सराव देणारे सिम्युलेटर दर वर्षी अधिक चांगले होत आहेत, जहाज समुद्रात नेण्याचा खर्च वाढतो आहे आणि पदवीचा अभ्यासक्रम जड होत चालला आहे. अशा वेळी वेळापत्रकातून सगळ्यांत आधी कापले जातात ते समुद्रातले दिवस. अमेरिकेच्या नौदलाने हे करून पाहिले आहे. न्यूपोर्टला नव्या अधिकाऱ्यांचे काही महिन्यांचे वर्ग होत असत. २००३ साली ते बंद झाले आणि अधिकाऱ्यांच्या हातात संगणकाच्या तबकड्या (सीडी) देण्यात आल्या : थेट जहाजावर जा, काम करता करता शिका. पैसे वाचले. पुढे काही वर्षांनी वर्ग पुन्हा सुरू झाले, पण तुटपुंजे.

१७ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर जपानजवळ त्याच नौदलाची ‘फिट्झजेराल्ड’ ही विनाशिका एका मालवाहू जहाजावर आदळली. झोपेच्या दालनात पाणी घुसून सात नौसैनिक बुडाले. दोन महिन्यांनी, २१ ऑगस्टला, सिंगापूरजवळ ‘जॉन मॅकेन’ ही दुसरी विनाशिका एका तेलवाहू जहाजापुढे आडवी गेली आणि दहा जण गेले. दुसऱ्या अपघातात सुकाणूचे नियंत्रण स्पर्शपडद्यावरून एका जागेहून दुसऱ्या जागी गेले आणि ते कुठे गेले हे ब्रिजवर कोणालाच वेळेत कळले नाही. ब्रिजवरचे काही जण तर दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले होते. प्रशिक्षण अपुरे होते, असे चौकशीत स्पष्ट म्हटले गेले. त्यानंतर त्या नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचे ठरवले आणि प्रत्येक वॉच अधिकाऱ्याला अनुभवाची नोंदवही सक्तीची केली. सतरा माणसे गेल्यावर हे सगळे झाले.

‘फिट्झजेराल्ड’च्या चौकशीतली एक गोष्ट मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. अमुक अंतरात दुसरे जहाज आले तर कॅप्टनला उठवा, असा स्थायी आदेश असतो. त्या रात्री एकापाठोपाठ एक जहाजे जवळून गेली. कॅप्टनला कोणी उठवले नाही. प्रबोधिनीत आपण मुलांना चार वर्षे आज्ञा पाळायला शिकवतो. वरिष्ठांपुढे ताठ उभे राहायचे, प्रश्न नाही, कुरबूर नाही. लष्करी जीवनाला ते आवश्यकच आहे. पण त्याच मुलाला बाविसाव्या वर्षी रात्री अडीच वाजता फोन उचलून, “सर, मला समोरचे जहाज कळत नाही, आपण वर या,” असे म्हणता आले पाहिजे. आपल्याला काही येत नाही असे वरिष्ठांना वाटेल, ही भीती फार खोल बसलेली असते. मी ती अनेक तरुणांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. चांगला कॅप्टन पहिल्याच दिवशी सांगतो की शंभर वेळा विनाकारण उठवलेस तरी रागावणार नाही. नुसते सांगत नाही. खरोखर उठवल्यावर शांतपणे वर येतो, दिवा पाहतो, “ठीक केलेस” म्हणतो आणि परत जातो. हे शिक्षण कोणत्याही वर्गात होत नाही. सिम्युलेटरमध्ये तर नाहीच, कारण तिथे कोणी झोपलेले नसते.

शिडाच्या जहाजांबद्दलही थोडे. क्षेपणास्त्रांच्या युगात मुलांना दोर ओढायला का लावायचे, असा प्रश्न हमखास येतो. ‘तरंगिणी’ला तीन डोलकाठ्या आणि वीस शिडे आहेत. वारा बदलला की तीस-चाळीस जणांना एका हाकेवर एकाच क्षणी हालचाल करावी लागते. इथे हुशार एकटा काही करू शकत नाही, आणि समुद्र चार भिंतींच्या काचेमागे राहत नाही. २०१७-१८ साली लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्याआधी त्या, एकट्याने शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा केलेले पहिले भारतीय दिलीप दोंदे यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली हजारो सागरी मैल शिडावर फिरल्या होत्या.

धोका आहेच. जर्मनीच्या ‘गोर्च फॉक’ या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर २०१० साली एक तरुणी डोलकाठीवरून पडून मरण पावली. मे २०२५ मध्ये मेक्सिकोचे ‘कुआउतेमोक’ हे तसेच जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला धडकले, दोघांचा जीव गेला. म्हणून कमरेचे पट्टे, वर चढण्याआधीचा सराव, बंदरातून निघतानाचे नियम यांत तडजोड नको. पण धोका टाळण्यासाठी ही जहाजे धक्क्याला बांधून ठेवली, तर तोच धोका आपण पुढे ढकलू, आणि तेव्हा ब्रिजखाली दोनशे माणसे झोपलेली असतील.

माझ्या मागण्या फार नाहीत. ‘तरंगिणी’वर एका वेळी तीसेकच प्रशिक्षणार्थी मावतात, प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, मुलींसह, शिडावर काही आठवडे मिळायचे तर अशी आणखी जहाजे हवीत. अभ्यासक्रमात जागा करायची असेल तर ती वर्गातल्या तासांतून करावी, समुद्रातल्या दिवसांतून नव्हे. आणि प्रत्येक तरुण अधिकाऱ्याने स्वतः किती रात्री वॉच सांभाळला, किती वेळा गजबजलेल्या बंदरात जहाज आत आणले, याची सहीनिशी नोंद असावी व युद्धनौकेवर स्वतंत्र वॉच देण्याआधी ती तपासली जावी. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीत महाराष्ट्राचे जे खासदार असतील, त्यांनी प्रशिक्षण जहाजांच्या समुद्रातल्या दिवसांचा दर वर्षीचा आकडा मागावा. आपल्या प्रतिनिधीनेही परवानगी काढून कोचीला आठवडाभर त्या ताफ्यावर राहावे आणि मध्यरात्रीच्या वॉचला ब्रिजवर उभे राहून लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त व्यापारी जहाज अधिकारी